उतरा, ताई!

सकाळी पावणेसातला ओढणी कमरेला घट्ट खोचायची आणि सायकलवर टांग मारायची, हा माझा नऊ वर्षांचा शिरस्ता. बार्शीत घरापासून माझी शाळा साडेतीन किलोमीटर. रस्ता सरळ, रहदारी बेताची. पण वखारीच्या कोपऱ्यावर चार कुत्री! त्यातलं तुटक्या कानाचं तर चालत्या माणसाकडे ढुंकून बघायचं नाही. सायकल दिसली की मात्र उठलंच.

मग मी काय करायची? देवाचं नाव घेऊन जोरात पॅडल मारायची. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभावच, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं! गेल्या पावसाळ्यात घाबरून दोन्ही पाय वर उचलले, तोल गेला, पडले आणि पोटरीला दात लागले.

घरी आले तर सासूबाई हळद-तिखटाचे डबे घेऊन पुढं. त्यांची मायाच ती, पण जखमेवर तिखट भरायचं नसतं. दहावीतल्या लेकीनं मला ओढत नळाखाली नेलं. साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं पाय धरायला लावला आणि तिथून थेट सरकारी दवाखाना. रक्त आलं होतं म्हणून जखमेतच एक वेगळं इंजेक्शन दिलं, शिवाय दंडावर लस. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. (काही ठिकाणी कातडीत टोचतात, तिथं तारखा वेगळ्या असतात.) पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली, बायांनो! त्या भीतीनं अजूनही कितीजणी लपवतात. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही.

पाय बरा झाला, पण घरात वेगळंच सुरू झालं. "आता सायकल बंद. पोरीचीसुद्धा." रिक्षाला महिन्याचे पैसे कुठून आणायचे? क्लास सुटला असता तिचा.

दूधवाल्या काकांनी वाट दाखवली. "ताई, पळवू नका. उतरा. सायकल मधे धरा, ते त्या बाजूला, तुम्ही या बाजूला. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, ओरडायचं नाही. त्याची हद्द संपेपर्यंत सावकाश चालायचं." दगड मारायचा मोहही आवरा म्हणाले. मार खाल्लेलं कुत्रं जास्तच बिथरतं.

आठ दिवस आम्ही मायलेकी दोघी तसंच केलं. पहिल्या दिवशी माझे पाय लटपटत होते, खोटं कशाला बोलू? तुटक्या कानाचं दहा पावलं भुंकत आलं आणि कंटाळून बसलं.

परवा लेक एकटी निघाली. आमच्या गच्चीवरून वखारीचा कोपरा दिसतो. सासूबाईही गुडघे धरत वर आल्या होत्या. पोर उतरली, चालली, पुन्हा चढली.

"बघितलं का गं तिनं मागं?" सासूबाईंनी विचारलं.

नाही बघितलं. कुत्र्याकडंही नाही अन् आमच्याकडंही नाही.