पोलो स्वस्तात, टोचन महागात

जाहिराती चाळताना नव्या छोट्या कारपेक्षा कमी पैशांत फोक्सवॅगन पोलो दिसते आणि बोट थांबतं. दरवाजा लावताना येणारा तो जड ‘धप्प’ आवाज ऐकला की अर्धा सौदा तिथंच होतो. घ्या, पण जरा थांबून घ्या.

पोलो नावाला जर्मन, जन्म पुण्याजवळच्या चाकणचा. 2010च्या सुरुवातीला ती बाजारात आली, 2022मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे हाती येणारी प्रत्येक पोलो काही वर्षं पळालेली. पहिल्या गाड्यांची तर पंधरा वर्षं भरली. त्यांना फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो. विकणारा हे स्वतःहून सांगत नाही.

मुलचेऱ्यात खरा प्रश्न वेगळाच आहे. बोलेरो किंवा अल्टो बिघडली तर आष्टी-आलापल्लीत कुणीतरी भाऊ तासाभरात बोनेट उघडून बसतो. पोलोच्या मोठ्या कामाला नागपूर गाठायचं म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटर. तिथवर टोचन करून न्यायचे किती, हे आधी विचारा आणि मग गाडीचा भाव करा.

म्हणूनच सगळ्यात आधी गिअरबॉक्स बघा. 2013मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयला सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक होता. चालवायला भन्नाट! पण त्यातलं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की खर्च अवघड होतो, आणि ते काम गावातल्या गॅरेजचं नाही. त्याच वर्षी चीनमध्ये डीएसजीच्या दोषामुळे कंपनीला 3.84 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आपल्या भागात मॅन्युअल पेट्रोलच बरी, असं माझं स्पष्ट मत. तरीही ऑटोमॅटिकच हवी असेल तर ट्रायलला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं चालवा. धक्का किंवा थरथर जाणवली तर चावी परत द्या.

टीडीआय डिझेल असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याचं बिल मागा. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. शिवाय 2015च्या प्रदूषण घोटाळ्यानंतर भारतातल्या सुमारे 3.23 लाख डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं. तिथेच जुन्या सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटरही कळतात. मीटर मागे फिरवलं असेल तर इथे उघडं पडतं. मीटर 40 हजार दाखवतंय आणि क्लचच्या पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, असं असेल तर रबरावर विश्वास ठेवा.

सकाळी जा, इंजिन थंड असताना. बोनेट गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली होती, असं समजा. मग खाली वाका. सुरजागडच्या ट्रकांनी आपल्या रस्त्यांचं काय केलं ते सांगायला नको. ऑइल चेंबरला मार बसलाय का, सस्पेन्शनच्या रबरांना चिरा आहेत का, ते दिसतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. गाळाचा डाग किंवा कुबट वास म्हणजे गाडीनं पूर पाहिलाय. अशा गाडीचं वायरिंग पुढे वर्षभर छळतं.

कागद शेवटी, पण टोकन द्यायच्या आधी. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. चलन बाकी आहेत का, ते परिवहनच्या ॲपवर दिसतं. ‘डीएल’ पासिंगची डिझेल गाडी फारच स्वस्त मिळत असेल तर कारण ओळखा: दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेलवर बंदी आल्यावर तिकडच्या गाड्या बाहेर विकल्या गेल्या. ती ‘एमएच-33’ करायची तर तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स आला. गाडी इथलीच असेल तर फॉर्म 29 आणि 30वर विकणाऱ्याची सही समोर घ्या. ‘नावावर नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्या.