श्वासाचें चित्र

क्ष-किरणांच्या चित्रांत छाती निर्दोष दिसते, आणि तरीहि जिना चढतांना तीनदां थांबावें लागतें, अशा माणसाची घरांत मोठी कुचंबणा होते. डॉक्टर म्हणतात, ‘कांहीं नाहीं’. सासूबाई म्हणतात, ‘कामाचा कंटाळा’. आणि सुनेपाशीं आपला श्वास खरोखरच पुरत नाहीं हें पटविण्यास साधन नसतें. आमच्या दिव्यास कचऱ्याच्या ढिगांचा धूर वर्षानुवर्षें लोकांच्या माजघरांत शिरत असे. तेथें हा प्रश्न कित्येक घरांना परिचयाचा आहे. फुप्फुसांत हवा कोठें पोहोंचते व कोठें अडते, हें डोळ्यांनीं पाहतां येईल काय? येतें, आणि त्या युक्तीची हकीकत मोठी मनोवेधक आहे.

एम्. आर्. आय्. हें यंत्र मुख्यतः शरीरांतील पाण्याच्या आधारें चित्र काढतें. पाण्यांतील हैड्रोजनचे अणुगर्भ म्हणजे जणूं इवलीं चुंबकें. मोठ्या चुंबकांत माणसास निजविलें म्हणजे तीं थोडीं एका दिशेस झुकतात. पण किती थोडीं? दर दहा लाखांमागें सुमारें पांचांचें काय तें आधिक्य! मेंदूंत, यकृतांत पाणी मुबलक, म्हणून एवढ्यावरहि भागतें. फुप्फुस मात्र बव्हंशीं हवेनेंच भरलेलें, त्यामुळें त्याच्या जागीं चित्रांत नुसता काळोख दिसतो. बरें, हवेच्या जागीं दुसरा एखादा वायु भरून त्याचेंच चित्र घ्यावें, तर वायु पाण्याहून कितीतरी विरळ. तेव्हां उपाय एकच: थोडक्या अणूंतून पुष्कळांस एका दिशेस वळवावयाचें.

हें काम प्रकाश करतो. आल्फ्रेड कास्लर या फ्रेंच पंडितानें प्रकाशाच्या योगें अणूंना दिशा देण्याची रीत शोधिली. १९६६ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. कांचेच्या पात्रांत रुबिडियम धातूची वाफ व झेनॉन वायु एकत्र ठेवून त्यांवर विशिष्ट लेसर-किरण सोडतात. किरणांमुळें रुबिडियमचे इलेक्ट्रॉन एका दिशेस लागतात, आणि त्यांच्याशीं टक्कर होतां होतां झेनॉनचे अणुगर्भहि तीच दिशा धरतात. ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, हें येथें अक्षरशः खरें! मग दहा लाखांत पांच कोठले, शेंकड्यांत कित्येक अणु एका दिशेस उभे राहतात, आणि संदेश सहस्रावधि पटींनीं बळावतो.

१९९४ सालीं अमेरिकेंत या रीतीनें उंदराच्या फुप्फुसांचें चित्र निघालें. १९९६ सालीं मनुष्याचें, पण हेलियमच्या एका दुर्मिळ प्रकारानें. हेलियमचें नांव निघालें म्हणजे कोंकणवासीयांस विजयदुर्ग आठवणारच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची छाया त्या किनाऱ्यावरूनच देशांत शिरली, व किल्ल्यांतील ‘साहेबाचे ओटे’ अद्यापि दाखवितात. लॉकियर साहेबांनीं तेथेंच हेलियम पाहिला ही समजूत मात्र आम्हांस मान्य नाहीं. त्या दिवशीं जान्सेन हा फ्रेंच ज्योतिषी गुंटूर येथें होता. लॉकियरनें आपलें निरीक्षण ऑक्टोबरांत, ग्रहणावांचून, इंग्लंडांतच केलें. विजयदुर्गाचें महत्त्व यामुळें तिळभरहि उणें होत नाहीं.

तो दुर्मिळ हेलियम अण्वस्त्रांसाठीं साठविलेल्या ट्रिटियमच्या क्षयांतून मिळतो. त्याची टंचाई पडली, तेव्हां संशोधक पुन्हां झेनॉनकडे वळले. ‘झेनॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ परका, तसाच पाहुणाहि; आपला ‘अतिथि’च म्हणाना! १८९८ सालीं रॅम्झे व ट्रॅव्हर्स यांनीं लंडनांत हा वायु शोधिला. हे दोघे आपल्यास सर्वस्वीं परके नव्हेत. जमशेटजी टाटांच्या योजिलेल्या विज्ञानसंस्थेसाठीं जागा सुचविण्यास रॅम्झे १९०० च्या सुमारास हिंदुस्थानांत आले होते, आणि बंगळूरच्या त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ते हेच ट्रॅव्हर्स.

रुग्णास करावयाचें तें फारच थोडें. पिशवींतील वायु ओढून घ्यावयाचा व दहा-पंधरा सेकंद श्वास रोखावयाचा, कुंभकच म्हणा. क्ष-किरणांचा संपर्क नाहीं. हवा जाते तो भाग उजळतो, अडते तो काळा राहतो. शिवाय झेनॉन रक्तांत विरघळतो, व पातळ पडद्यांतील आणि तांबड्या पेशींतील झेनॉनचे संदेश निरनिराळे येतात; त्यामुळें प्राणवायूची वाट कोठें रोखली आहे हेंहि कळतें. करोनाच्या आजारांतून उठलेल्या ज्या रुग्णांचीं नेहमींचीं चित्रें जवळजवळ निर्दोष होतीं, पण दम जात नव्हता, अशांच्या फुप्फुसांत या रीतीनें ऑक्सफर्डच्या वैद्यांस दोष दिसला. तो निबंध २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे कंटाळा नव्हता, दुखणें होतें! डिसेंबर १९२२ नव्हे हो, २०२२ मध्यें अमेरिकन सरकारनें बारा वर्षांपुढील रुग्णांसाठीं झेनॉनला मान्यता दिली.

खर्च मात्र मोठा. हवेच्या एक कोटि भागांत झेनॉनचा एक भागहि भरत नाहीं. आणि लेसर, निराळीं वेटोळीं व जाणते लोक हवेत तें वेगळेंच. म्हणून ही सोय अद्याप मोजक्या केंद्रांतच आहे. आपल्याकडे ज्याचा दम जातच नाहीं त्यानें निदान नळींत जोरानें फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आग्रहानें मागून घ्यावी. ती स्वस्त आहे, थोड्या मिनिटांत होते, आणि निर्दोष चित्रामागें लपलेला दमा पुष्कळदां तीच उघडा करते.