कमी बजेटमध्ये एम्युलेटरसाठी प्रोसेसर कसा निवडावा?

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या लेखाला ही म्हण दोन्ही बाजूंनी लागू पडते. एम्युलेटर हा सोंग आणणारा प्रोग्राम आहे. तो साध्या कॉम्प्युटरला प्लेस्टेशनचे किंवा निन्टेन्डोचे सोंग घ्यायला लावतो आणि जुने गेम त्या सोंगाला खरे कन्सोल समजून चालू होतात. बजेट मात्र खरेच असते. म्हणून कमी पैशात कोणता प्रोसेसर घ्यावा हे नीट समजून घ्यायला हवे.

आपल्या वसतिगृहात मोबाईल आणि लॅपटॉप चालत नाहीत, तेव्हा हा लेख सुट्टीसाठी आहे हे आधीच सांगतो.

प्रश्न कुठून आला

आमचे घर दिल्लीत मुनिरकाला आहे. माझा मोठा चुलतभाऊ सैन्यात जाण्याआधी आमच्याकडे राहून शिकत होता. त्याचा प्लेस्टेशन २ अजून घरी आहे, पण त्याची लेन्स डिस्क वाचत नाही. डिस्क आईने पुठ्ठ्याच्या खोक्यात जपून ठेवल्या आहेत. दादा उन्हाळ्यात रजेवर येणार होता. त्याच वेळी ताईला अकरावीच्या कॉम्प्युटर सायन्ससाठी कॉम्प्युटर हवा होता. बाबांनी पंधरा हजारांची मर्यादा घातली आणि अट घातली, "यंत्र एकच येईल. आधी ताईचा अभ्यास, मग तुमचे खेळ." मॉनिटर आणि कीबोर्ड घरात होते. निवड करायची होती ती कॅबिनेटची, म्हणजे मुख्यतः आतल्या प्रोसेसरची.

हे फक्त आमच्या घरापुरते नाही. प्लेस्टेशन २ चा जन्म २००० सालचा आणि त्याचे उत्पादन थांबले २०१३ च्या सुरुवातीला. भारतात तो फार उशिरापर्यंत चालला. 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि कबड्डी, पतंग असे आपले खेळ असलेला 'देसी अड्डा' हे २००९ मध्ये भारतात तयार झालेले गेम याच यंत्रासाठी निघाले. ही यंत्रे एकेक करून बंद पडत आहेत. ती सगळी संपल्यावर हे गेम पाहायचे असतील तर एम्युलेटर हाच मार्ग राहील.

एम्युलेटर नेमके काय करतो

प्रत्येक कन्सोलच्या प्रोसेसरची स्वतःची भाषा असते. प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर मिप्स जातीचा आहे, आपल्या घरातल्या कॉम्प्युटरचा इंटेल किंवा एएमडीचा. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही. एम्युलेटर दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखा बसतो. गेमची प्रत्येक सूचना वाचतो, तिचे भाषांतर करतो आणि ती आपल्या प्रोसेसरकडून करून घेतो. मूळच्या एका सूचनेसाठी आपल्या प्रोसेसरला बऱ्याचदा अनेक सूचना चालवाव्या लागतात.

शिवाय हे वेळेत व्हावे लागते. आपण मिनिटाला १२० पावलांच्या तेज चालीने चालतो, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद मिळतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा गेम तेवढ्या अर्ध्या सेकंदात ३० चित्रे काढतो. एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. भारतात पाल पद्धतीचे गेम येत, त्यांत सेकंदाला ५० चित्रे आणि एका चित्राला २० मिलिसेकंद. भाषांतर तेवढ्यात झाले नाही तर गेम संथ होतो आणि आवाज तुटतो. परेडमध्ये एकाचे पाऊल चुकले की पूर्ण फाईल हलते, तसेच.

मोठा आकडा आणि खरी ताकद

प्लेस्टेशन २ च्या प्रोसेसरचा वेग सुमारे २९५ मेगाहर्ट्झ होता. आजचा स्वस्त प्रोसेसरही ३,००० मेगाहर्ट्झच्या पुढे असतो. मग अडचण कसली? अडचण अशी की त्या कन्सोलमध्ये मुख्य प्रोसेसर, दोन व्हेक्टर युनिट, चित्रांची चिप, आवाजाची चिप आणि इतर कामांसाठी आणखी एक छोटा प्रोसेसर असे बरेच जण एकाच वेळी काम करतात. एम्युलेटरला त्या सर्वांचे सोंग घ्यायचे असते आणि सर्वांना एका तालात ठेवायचे असते.

सोंग जितके हुबेहूब, तितका खर्च जास्त. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा होता. पण त्याची अगदी तंतोतंत नक्कल करणाऱ्या बीस्नेस या एम्युलेटरला २०११ च्या सुमारास जवळजवळ ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागत होता. म्हणून कन्सोलचा आकडा आणि कॉम्प्युटरचा आकडा शेजारी मांडून हिशेब होत नाही.

दोन कॉम्प्युटर प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ मांडूनही होत नाही. जुन्या पेन्टियम ४ मालिकेत ३.८ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर होते. २०१८ चा कोअर आय५-८५०० जास्तीत जास्त ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. आकडे जवळजवळ सारखे, पण नवा प्रोसेसर एका ठोक्यात कितीतरी जास्त काम उरकतो. म्हणून आधी प्रोसेसरची पिढी पाहावी, मग गिगाहर्ट्झ.

कोअर किती हवेत

बाजारात सर्वात जास्त फसगत कोअरच्या संख्येवरून होते. खंदक खणायचा असेल तर आठ जण चारांपेक्षा लवकर खणतील. पण एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकून लिहायचे असे काम असेल, तर आठ लेखनिक बसवूनही ते आठपट लवकर होत नाही. पुढचे वाक्य आधीच्या वाक्यावर अवलंबून असते.

पहिल्या प्रकारचे सुंदर उदाहरण पुण्याचे आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात एक प्रचंड प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून दिले होते. हवामानाची गणिते अशी वाटता येतात.

जुन्या कन्सोलचे काम असे वाटता येत नाही. पीसीएसएक्स२ हा प्लेस्टेशन २ चा एम्युलेटर मुख्यतः दोन-तीन धाग्यांवर काम करतो: एक मुख्य प्रोसेसरसाठी, एक चित्रांसाठी आणि हवा तर एक व्हेक्टर युनिटसाठी. गेमक्यूब आणि वी चालवणारा डॉल्फिन मुख्यतः दोन धाग्यांवर चालतो. म्हणून चार चांगले कोअर असले की पुरे. पुढचे पैसे प्रत्येक कोअरच्या ताकदीवर खर्च करावेत.

अपवाद प्लेस्टेशन ३ चा. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एका मुख्य कोअरबरोबर छोटे मदतनीस कोअर आहेत. ही रचना गणितासाठी इतकी उपयोगी होती की २०१० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून 'कॉन्डॉर' नावाचा महासंगणक बनवला. त्याची नक्कल करणाऱ्या आरपीसीएस३ ला म्हणूनच सहा कोअर आणि बारा धाग्यांचा प्रोसेसर शोभतो. पंधरा हजारांत प्लेस्टेशन ३ चा नाद सोडलेला बरा.

कोणत्या कन्सोलला काय पुरते

आधी कन्सोल ठरवा, मग प्रोसेसर.

पहिला गट: नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम, सुपर निन्टेन्डो, सेगा आणि पहिला प्लेस्टेशन. यांच्या साध्या एम्युलेटरसाठी गेल्या दहा वर्षांतला जवळजवळ कोणताही प्रोसेसर चालतो, अगदी घरातला जुना ऑफिसचा लॅपटॉपही. नवीन खरेदीची गरज नाही.

दुसरा गट: पीएसपी. पीपीएसएसपीपी हा एम्युलेटर फार हलका आहे. साधा आय३ पुरतो.

तिसरा गट: प्लेस्टेशन २, गेमक्यूब आणि वी. इथे प्रोसेसरची खरी परीक्षा होते. जुन्यात आठव्या पिढीचा आय५, म्हणजे आय५-८४०० किंवा ८५००. नव्यात आय३-१२१००, ज्याचे चार कोअर असूनही प्रत्येक कोअर दमदार आहे. किंवा रायझन ५ ५६००जी, ज्यात सहा कोअरबरोबर बऱ्यापैकी ग्राफिक्सही आहे. सेलेरॉन एन४०२० सारखे दोन कोअरचे प्रोसेसर असलेले स्वस्त नवे लॅपटॉप या गटासाठी घेऊ नयेत. ते नवे असतात, पण अशक्त असतात.

नावातली अक्षरे वाचा

इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागेल, म्हणजे स्वस्त पडलेला प्रोसेसर महाग पडेल. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत उलटे आहे: डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये 'जी' असेल तरच ग्राफिक्स असते. लॅपटॉपमध्ये 'यू' म्हणजे वीज वाचवणारा प्रोसेसर. तो सुरुवातीला जोरात पळतो आणि गरम झाला की मंदावतो.

पेन्टियम आणि सेलेरॉन नावाचे स्वस्त प्रोसेसर घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. एव्हीएक्स२ नावाचा सूचनांचा संच इंटेलच्या कोअर मालिकेत २०१३ मध्ये, चौथ्या पिढीपासून आला. पण पेन्टियम आणि सेलेरॉनमधून तो अनेक वर्षे वगळलेला होता. एम्युलेटरला तो उपयोगी पडतो.

ताईच्या बाजूने मुद्दा विंडोजचा. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. म्हणून चौथ्या पिढीचा आय५ कितीही स्वस्त मिळाला, तरी त्यावर लिनक्स टाकायची तयारी असेल तरच घ्यावा.

बाजारात

मुनिरका मेट्रो स्टेशनवरून मॅजेन्टा लाईनने गाडी न बदलता नेहरू एन्क्लेव्हला उतरले की नेहरू प्लेसचा कॉम्प्युटर बाजार जवळच आहे. महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी हेच काम मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात होते. कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे डेस्कटॉप इथे साफ करून विकतात.

एका दुकानदाराने बाबांना सांगितले, "चौदा कोअर का सर्वर वाला लीजिए, बच्चे खुश हो जाएंगे." तो झिऑन ई५-२६८० व्ही४ होता. चौदा कोअर, अठ्ठावीस धागे, पण एका कोअरचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ, पिढी जुनी आणि आत ग्राफिक्स नाही. व्हिडिओ एडिटिंगला तो चांगला ठरला असता, आमच्या कामाला नाही. बाबांनी आय५-८५०० चा जुना ऑफिस डेस्कटॉप निवडला. त्यात सहा कोअर, आतले ग्राफिक्स आणि विंडोज ११ ची सोय होती. दादाच्या बहुतेक डिस्क त्यावर मूळ रिझोल्युशनला पूर्ण वेगाने चालतात. दोन गेम गर्दीच्या प्रसंगी थोडे अडखळतात.

पैसे देण्याआधी चार गोष्टी कराव्यात:

१. यंत्र चालू करून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे नाव स्वतः वाचावे. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नये.

२. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत का ते पाहावे. आतले ग्राफिक्स रॅमच वापरते, त्यामुळे ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन चांगल्या.

३. यंत्र वीस मिनिटे कामाला लावावे आणि वेग घसरतो का ते पाहावे. दिल्लीच्या मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत तापमान चाळिशीपार जाते. आत धूळ असेल किंवा थर्मल पेस्ट सुकली असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

४. बिल आणि त्यावर वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.

कायद्याची बाजू

हे पालकांनी आणि आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. एम्युलेटर स्वतः चोरीचा माल नाही. २००० साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. पण इंटरनेटवरून विकत न घेतलेले गेम उतरवणे ही नक्कल आहे आणि ती बेकायदा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला ती खराब होण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप घेण्याची मुभा आहे. म्हणून डिस्क स्वतःची असावी आणि कन्सोलचा बायोसही स्वतःच्याच कन्सोलमधून काढावा. हौशी लोकांनी जुन्या कन्सोलसाठी बनवून मोफत दिलेले गेमही पुष्कळ आहेत. त्यांनी सुरुवात करावी.

थोडक्यात क्रम असा: आधी कन्सोल ठरवा, मग एका कोअरची ताकद पाहा, मग ग्राफिक्स, मग घरातल्या इतरांची गरज, आणि सर्वात शेवटी दुकानदाराचे बोलणे ऐका. दादाच्या पंधरा दिवसांच्या रजेत ताईचे प्रोग्रामिंग रोज सकाळी झाले आणि आमचे सामने रात्री जेवणानंतर. यंत्र एकच होते आणि कोणाचेही काम अडले नाही.