धातुशोधकाच्या वेटोळ्याला कवच आणि कवचाला फट

घरी बनविलेला धातुशोधक टेबलावर झकास चालतो. नाणे जवळ नेले की त्याचा सूर बदलतो. पण तोच मैदानावर नेऊन ओल्या गवतावरून फिरविला, की धातूचा कणही नसताना सूर वरखाली होऊ लागतो. वेटोळ्याजवळ नुसता हात नेला तरी तेच! मग उपकरणाला नाणे सापडले की दव, हे ओळखायचे कसे? जमिनीतले सुरुंग शोधणाऱ्याला तर प्रत्येक इशाऱ्याला थांबून माती जपून उकरावी लागते. खोटा इशारा त्याला फार महागात पडतो.

हा घोटाळा का होतो ते पाहू. साध्या धातुशोधकात दोन आंदोलक असतात. एकाची वारंवारता कायम, समजा १०० किलोहर्ट्झ. दुसऱ्याची वारंवारता शोधक वेटोळे आणि त्याला जोडलेला कंडेन्सर मिळून ठरवितात. दोन्ही वारंवारतांमधील फरक आपल्याला सुराच्या रूपाने ऐकू येतो. वेटोळ्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात नाणे आले, की नाण्यात भोवऱ्यासारखे विद्युत् प्रवाह फिरू लागतात, त्यामुळे वेटोळ्याची प्रवर्तकता बदलते आणि सूरही बदलतो. आपल्याला हवा तो इशारा हाच.

पण वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्राबरोबर विद्युत् क्षेत्रही असते. वेटोळे ही कंडेन्सरची एक पट्टी आणि ओले गवत किंवा तुमचा हात ही दुसरी, असा एक अदृश्य कंडेन्सर तेथे तयार होतो. मूळ कंडेन्सर १००० पिकोफॅरडचा असेल आणि या पाहुण्याने त्यात केवळ १ पिकोफॅरडची भर घातली, तरी वारंवारता ०.०५ टक्क्याने, म्हणजे ५० हर्ट्झने घटते. कानाला हा फरक सहज कळतो.

यावर उपाय सुचतो तो मायकेल फॅरडे यांच्या प्रयोगातून. १८३६ साली त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १२ फूट लांब, रुंद व उंच अशी खोलीच उभारली आणि ती तांब्याच्या तारा व कथलाच्या वर्खाने मढविली. बाहेरून तिला जोरदार विद्युत्‌भार दिला, तरी आत बसलेल्या फॅरडेंच्या संवेदनक्षम उपकरणांना त्याचा मागमूस लागला नाही. आपणही वेटोळ्याला अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खाचे कवच घालून ते मंडलाच्या शून्य व्होल्टच्या तारेला जोडले, तर विद्युत् क्षेत्र आतच अडते. कवचामुळे थोडी धारिता वाढते खरी, पण ती कायम तेवढीच राहते. गवतागणिक बदलत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग चुंबकीय क्षेत्रही अडणार नाही का? येथेच खरी मेख आहे. विद्युत् क्षेत्र अडविण्यासाठी वर्खातील विद्युत्‌भार जरासे सरकले तरी पुरते. चुंबकीय क्षेत्राला विरोध करण्यासाठी मात्र प्रवाहाला वेटोळ्याभोवती पूर्ण फेरी मारावी लागते. वर्खाचे कडे अखंड असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम गुंडाळीची टोके एकमेकांना जोडावीत तसे होते. कड्यात मोठा प्रवाह वाहतो आणि शोधकाची संवेदनक्षमता पार घटते. म्हणून कड्यात सुमारे १ सेंटिमीटरची फट ठेवायची. प्रवाहाची वाट तुटते, विद्युत् क्षेत्र मात्र अडलेलेच राहते.

कृती अशी: एनॅमलच्या तारेचे वेटोळे चिकटपट्टीने घट्ट बांधा. त्यावर वर्खाची २ सेंटिमीटर रुंद पट्टी तिरपी गुंडाळत न्या आणि वेटोळ्याची टोके बाहेर पडतात तेथे फट सोडा. अ‍ॅल्युमिनियमला डाख सहजी धरत नाही. म्हणून वर्खावरून कल्हई केलेली उघडी तार गुंडाळा. तीही फटीपाशीच थांबवा आणि तिचे एकच टोक शून्य व्होल्टला जोडा. जोडण्यापूर्वी मीटरने वेटोळे आणि वर्ख यांचा कोठे स्पर्श होत नाही ना, ते तपासा. फट मात्र डोळ्यांनीच तपासावी लागते. तिच्या दोन्ही बाजू वर्खानेच जोडलेल्या असल्याने मीटर तेथे नेहमी जोड असल्याचेच दाखवितो.

कवचाकडून भलती अपेक्षा मात्र नको. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्ट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. त्याचा परिणाम चुंबकीय क्षेत्रातून होतो आणि तो कवचातून आत येणारच.

फटीचे महत्त्व वर्गातही दाखविता येईल. कवच चढविण्याआधी वेटोळ्यावर, त्याच्याच आकाराचा, प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेचा एक फेरा ठेवा. टोके सुटी असताना सूर ऐकून ठेवा. मग दोन्ही टोके एकमेकांना टेकवा. सुराने एकदम उडी घेतली, की एवढीशी फट काय काम करते ते निराळे सांगावे लागणार नाही.