तीन फुल्यांचा वॉर्ड

मे 2019 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या सिटी कौन्सिलची निवडणूक झाली. 54 जागांपैकी 53 मजूर पक्षाला आणि एक लिबरल डेमोक्रॅटांना. हुजूर पक्ष, ग्रीन आणि अपक्ष यांची पाटी कोरी. एखाद्या साखर कारखान्यात सत्ताधारी पॅनल बिनविरोध यावे तसा निकाल. फरक इतकाच की इथे विरोधात उमेदवार होते आणि त्यांना मते देणारी माणसेही हजारोंनी होती. त्या मतांचे काय झाले, हे मला इथल्या मतपत्रिकेकडे बघून कळले.

मी पुण्याची. लग्नानंतर लेस्टरला आले, एका छोट्या कंपनीचे हिशेब बघते आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर कारकुनी करते. यादीत नाव शोधायचे, त्यावर रेघ मारायची, मतपत्रिका हातात द्यायची, एवढे काम. त्या दिवसाचे पैसे मिळतात आणि सगळा वॉर्ड समोरून जातो. मी स्वतः कोणाला मत देते ते मात्र सांगणार नाही.

लेस्टरमध्ये 21 वॉर्ड आहेत. कुठून दोन, तर कुठून तीन नगरसेवक निवडून जातात. पुणेकरांना यात नवल वाटणार नाही. 2017 साली पुण्यात 41 प्रभाग आणि 162 नगरसेवक होते, बहुतेक प्रभागांत चार. पण पुण्यात प्रभागाच्या अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात. प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र, तिचे आरक्षण स्वतंत्र. इथे असे काही नाही. तीन जागांच्या वॉर्डात सगळे उमेदवार एकाच कागदावर, एकाच यादीत. मतदाराने जास्तीत जास्त तीन फुल्या मारायच्या. सर्वांत जास्त मते मिळालेले पहिले तिघे नगरसेवक. महिलांसाठी राखीव जागा नाहीत, कुठल्याही समाजासाठी नाहीत.

आता हिशेब करून बघा. शंभर मतदारांपैकी 45 जणांनी एका पक्षाच्या तिन्ही उमेदवारांपुढे फुल्या मारल्या, 30 जणांनी दुसऱ्याच्या आणि 25 जणांनी तिसऱ्याच्या, तर तिन्ही जागा त्या 45 जणांच्या. उरलेल्या 55 जणांचा नगरसेवक एकही नाही. हेच थोड्याफार फरकाने वॉर्डामागून वॉर्डात घडले की 54 पैकी 53 येतात. यात कुणी लबाडी केलेली नसते. लंडनच्या ल्युइशॅम बरोमध्ये तर 2018 आणि 2022 अशा दोन्ही निवडणुकांत 54 पैकी 54 जागा मजूर पक्षाच्या आल्या. विरोधी बाकच नाही, तर सभागृहात प्रश्न विचारायचे कोणी?

या कागदाची आणखी एक गंमत आहे. नावे आडनावाच्या आद्याक्षरानुसार छापतात, त्यामुळे एकाच पक्षाचे तिघे यादीत विखुरलेले असतात. वरून खाली येता येता कुणाचा तरी उत्साह संपतो आणि तिसरी फुली राहून जाते. एकाच पक्षाच्या उमेदवारांत वर्णमालेत आधी येणाऱ्याला थोडी जास्त मते पडतात, हे इथल्या निवडणूक अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. म्हणजे आपल्या आपट्यांना आणि भाव्यांना उभे राहायला हरकत नाही. वाघमाऱ्यांनी जरा जपून.

मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, बहुधा मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी. सुट्टी नसते. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल असते. (पेन्सिलीने मारलेली फुली कोणी खोडली तर, ही शंका भारतातून आलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मला दिसते. स्वतःचे पेन आणायला परवानगी आहे.) पूर्वी ओळखपत्रही लागत नसे. नाव आणि पत्ता सांगितला की काम झाले. इंग्लंडमध्ये मे 2023 च्या स्थानिक निवडणुकांपासून छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले. ज्येष्ठांचा बसपास चालतो, विद्यार्थ्यांचा चालत नाही. हा भेद कुठल्या डोक्यातून निघाला देव जाणे, पण त्यावरची नाराजी टेबलाशी बसलेल्या आमच्यासारख्यांनीच ऐकून घेतली. आमच्या गल्लीतल्या गुजराती बा मला रोज बघतात. त्या दिवशी ओळखपत्र मागितले तर म्हणाल्या, “बेटा, तू मने नथी ओळखती?” त्यांच्याकडे बसपास होता, म्हणून निभावले. त्या वर्षी इंग्लंडभर ओळखपत्राअभावी मत न देताच राहिलेल्यांची संख्या निवडणूक आयोगाने सुमारे 14,000 सांगितली.

चालणाऱ्या ओळखपत्रांच्या यादीत भारतीय पासपोर्टही आहे. इथे कायदेशीरपणे राहणारा राष्ट्रकुलाचा प्रौढ नागरिक स्थानिक निवडणुकीतच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. साम्राज्याच्या काळापासून चालत आलेला हा हक्क आहे. शहरातल्या दोन विद्यापीठांत नांदेड-जळगावकडून शिकायला आलेली मुले मला भेटतात. त्यांतल्या बहुतेकांना हे ठाऊकच नसते. ब्रेक्झिटनंतर नव्याने आलेल्या जर्मन माणसाला नगरसेवक निवडता येत नाही, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्या नांदेडच्या मुलाला येतो. उमेदवारी करायची तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी हवी. बाकी अटी सोप्या आहेत: अर्जावर वॉर्डातले एक सूचक आणि एक अनुमोदक, अनामत रक्कम काहीच नाही.

लेस्टरमध्ये या हक्काला एक इतिहास आहे. 1972 साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा याच शहराच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने अपुरे आहेत, लेस्टरला येऊ नका. लोक तरीही आले. मतदार यादीत नावे गेली, पक्षांच्या शाखांत माणसे गेली, मग सभागृहात गेली. 2008 साली पंजाबातून आलेल्या मंजुला सूद लेस्टरच्या लॉर्ड मेयर झाल्या. ब्रिटनमध्ये त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या आशियाई महिला. 2021 च्या जनगणनेत शहरातले 43 टक्के लोक आशियाई वंशाचे निघाले. त्यांच्यातून नगरसेवक झाले ते आरक्षणाशिवाय, वस्ती आणि पक्ष यांच्या जोरावर.

पण पक्षाच्या जोरावर आलेले पक्षाच्या मर्जीने जातातही. 2023 च्या निवडणुकीआधी मजूर पक्षाच्या वरिष्ठांनी लेस्टरची उमेदवारी-निवड स्वतःच्या हातात घेतली आणि 19 विद्यमान नगरसेवकांना तिकीट नाकारले. त्यांतले बहुतेक अल्पसंख्य समाजांतले होते. आपल्याकडे ‘दिल्लीहून यादी आली’ म्हणतात, तसेच हे. फक्त यादी लंडनहून आली. नाराजांतले काही अपक्ष लढले, काही दुसऱ्या पक्षांत गेले. निकाल देशाच्या उलट लागला. इंग्लंडभर हुजूर पक्षाने हजारावर जागा गमावल्या, पण लेस्टरमध्ये त्यांचे 17 जण निवडून आले. मजूर पक्ष 53 वरून 31 वर आला, लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन प्रत्येकी तीन. आपल्या लोकांना डावलले, हा राग या उलथापालथीत होता. सप्टेंबर 2022 मध्ये हिंदू आणि मुसलमान तरुणांत रस्त्यावर झालेल्या तणावाची सावलीही होती. कशाचा वाटा किती, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

निवडून आलेला नगरसेवक करतो काय? कचरा, ग्रंथालये, पार्किंग, घरबांधणीच्या परवानग्या, कौन्सिलची घरे, शाळांचा काही कारभार आणि वृद्धांची व निराधार मुलांची काळजी, हे कौन्सिलचे विषय. पोलीस आणि दवाखाने त्यांच्याकडे नाहीत. खर्चाचा मोठा हिस्सा वृद्धांच्या आणि मुलांच्या काळजीवर जातो, पण दारावर येणाऱ्या प्रचारकाशी लोक बोलतात ते कचऱ्याच्या नारिंगी पिशव्यांबद्दल आणि मागच्या बोळात कुणी टाकून दिलेल्या गाद्यांबद्दल. नगरसेवक ठरलेल्या वेळी ग्रंथालयात किंवा समाजमंदिरात बसतात, तक्रारी ऐकतात, अधिकाऱ्यांना ईमेल करतात. पगार नाही, भत्ता मिळतो. बरेच जण दुसरी नोकरी सांभाळून हे करतात. ‘अमुक यांच्या विकासनिधीतून’ अशी पाटी इथल्या बसथांब्यावर लागत नाही. पाटीची सवय असल्यामुळे सुरुवातीला मला कळेचना की आमच्या गल्लीसाठी कोणी काही केले आहे की नाही.

शिवाय लेस्टरमध्ये 2011 पासून थेट निवडून आलेला महापौर आहे, समारंभापुरत्या लॉर्ड मेयरहून वेगळा. तेव्हापासून ती खुर्ची सर पीटर सोल्सबी यांच्याकडे आहे. आपले सहकारी ते स्वतः नेमतात आणि त्यांच्या अंदाजपत्रकात बदल करायचा तर सभागृहाचे दोन-तृतीयांश मत लागते. 2023 च्या निकालातून आलेल्या 31 विरुद्ध 23 अशा सभागृहात ते जमणे कठीण होते. 2023 मध्ये ते पुन्हा निवडून आले, तेव्हा त्यांना निम्म्याहून कमी मते होती. मतदाराने दुसरी पसंती नोंदवायची सोय त्याआधीच कायद्याने काढून टाकली होती.

मला यातले सगळ्यात खटकते ते हे की दुरुस्ती फारशी अवघड नाही. स्कॉटलंडमध्ये 2007 पासून नगरसेवकांची निवड पसंतीक्रमाने होते. फुलीऐवजी 1, 2, 3 लिहायचे. साधारण पाव वॉर्ड पाठीशी असला की तीन जागांपैकी एक हाती लागते. आपल्याकडे राज्यसभेची निवडणूक याच धर्तीवर होते, त्यामुळे ही काही परकी गोष्ट नाही. लेस्टरमध्ये तीन जागांचे वॉर्ड तर आधीपासून आहेत. फक्त कागदावरच्या खुणा आणि मोजणी बदलायची. पण सध्याच्या पद्धतीने ज्या पक्षाला 53 जागा दिल्या तो ती का बदलेल? आणि 2019 ला शून्यावर गेलेला हुजूर पक्षही आता ओरडत नाही, कारण 2023 ला रशी मीड वॉर्डातल्या तिन्ही जागा त्यांच्याकडे गेल्या. आता तिथला मजूर पक्षाचा मतदार तक्रार घेऊन जातो तो त्या तिघांपैकी कुणाकडे तरी. ते ऐकतातही. पण सभागृहात हात वर होतो तो त्यांच्या पक्षाच्या बाजूने.