टाचेची कंडरा : उपशयाने चकवलेले एक निदान

पाय मुरगळल्याची तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात बांधावरून घसरलेला शेतकरी असो वा लोकल पकडताना अडखळलेला नोकरदार. लेप, बंध व गुग्गुळकल्प यांनी बहुधा आठ-पंधरा दिवसांत तो चालू लागतो. या नित्यपरिचयामुळेच वाशिंद येथे आमच्या हातून एक चूक घडली. ती वैद्यबंधूंपुढे प्रांजळपणे मांडावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

रुग्णवृत्त

रुग्ण सुमारे चाळीस वर्षांचा, कल्याणला नोकरीस जाणारा. गावच्या मैदानावर कबड्डी खेळताना त्याने चढाईसाठी पाय रेटला, तोच टाचेमागे कोणी लाथ मारल्यासारखे वाटले व ‘फट्’ असा आवाज झाला. वळून पाहतो तो मागे कोणीच नव्हते. दुसऱ्या दिवशी तो लंगडत आला. घोट्यामागे सूज होती, क्ष-किरण चित्रात अस्थिभंग नव्हता व पाऊल खाली दाबता येत होते. विषम पाऊल पडल्याने होणारा वातकंटक, असे निदान करून आम्ही लेप व बंध योजले. सूज उतरताच स्नेहन-स्वेदन सुरू केले आणि पाऊल वर ओढण्याचा व्यायामही सांगितला.

वेदना झपाट्याने कमी झाली. उपशय मिळाला, म्हणजे निदान बरोबर, असे आम्ही मानले. सातव्या आठवड्यात रुग्ण म्हणाला, “डॉक्टर, दुखत काही नाही, पण स्टेशनचा जिना चढताना त्या पायात जोरच येत नाही.” त्या एका पायावर उभे राहून टाच उचलण्यास सांगितले, तर ती तसूभरही उचलली गेली नाही. सोनोग्राफीत टाचेची कंडरा पूर्ण तुटलेली व तिची टोके परस्परांपासून दूर गेलेली आढळली.

चूक कोठे झाली?

सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या सोळा कंडरांपैकी चार पायांत आहेत. पोटरीच्या मांसपेशींना टाचेच्या अस्थीशी जोडणारी ही जाड कंडरा बहुधा अस्थीपासून दोन ते सहा सेंटिमीटर वर तुटते. ती तुटली तरी पायाची बोटे वाकवणाऱ्या व घोट्याच्या बाजूंच्या पेशींच्या बळावर पाऊल खाली दाबता येते, रुग्ण चालूही शकतो. सुजेमुळे तुटलेल्या जागेची खाच लपते आणि क्ष-किरण चित्रात कंडरा स्पष्ट दिसत नाही. प्रथम तपासणीत सुमारे एक पंचमांश रुग्णांचे निदान निसटते, असे आधुनिक शल्यग्रंथ सांगतात. परंतु हे आमच्या चुकीचे समर्थन नव्हे. सुश्रुतसंहितेत स्नायुविद्धाच्या लक्षणांत तीव्र वेदनेबरोबरच क्रियांची अशक्तीही सांगितली आहे. आम्ही वेदना मोजली, क्रिया तपासली नाही. ताज्या इजेतील वेदना काळानेही शमते. तिला औषधाचा उपशय समजणे घातक ठरले.

परीक्षण

प्रश्न : आवाज झाला का? मागून फटका बसल्यासारखे वाटले का? अलीकडे क्विनोलोन वर्गातील प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड घेतली होती का? या प्रतिजैविकांमुळे कंडरा तुटण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला आहे.

स्पर्शन : रुग्णास पालथे निजवून पावले मंचकाबाहेर ठेवावीत व पोटरी हाताने दाबावी. कंडरा अखंड असल्यास पाऊल खाली झुकते. तुटली असल्यास जवळजवळ हलत नाही. सिमंड्स यांनी १९५७ साली व थॉम्पसन यांनी १९६२ साली ही परीक्षा वर्णिली.

दर्शन : पालथ्या रुग्णाचे दोन्ही गुडघे काटकोनात वाकवावेत. तुटलेल्या बाजूचे पाऊल निरोगी बाजूपेक्षा अधिक खाली, नडगीच्या दिशेने कललेले दिसते. इजा जुनी असल्यास ही तुलना विशेष उपयोगी ठरते, कारण मध्ये भरलेल्या व्रणवस्तूमुळे पोटरी दाबण्याची परीक्षा फसवू शकते.

चिकित्सा व पुनर्वसन

निदान वेळेवर झाल्यास बोटे खाली झुकवून पाऊल बांधतात, जेणेकरून तुटलेली टोके जवळ येतात. किंवा शस्त्रकर्म करतात. नॉर्वेतील २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरीस दोन्ही मार्गांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र पुन्हा तुटण्याचे प्रमाण शस्त्रकर्माविना ६.२ टक्के, तर शस्त्रकर्मानंतर ०.६ टक्के होते. पाऊल वर ओढल्यास टोके दूर जातात. म्हणजे आम्ही सांगितलेला व्यायाम नेमका उलट होता.

चार आठवडे उलटल्यावर ही निवड सहसा उरत नाही. टोके आखडतात, पोटरी क्षीण होते. आमच्या रुग्णाची कंडरा शल्यचिकित्सकांनी अंगठा वाकवणाऱ्या कंडरेच्या आधाराने पुन्हा उभी केली. पुढे प्लास्टर, मग टाचेखाली पाचरी असलेला बूट, एकेक पाचर काढत पावलावर भार, आणि त्यानंतर बळ वाढवणारे व्यायाम असा क्रम होता. व्रण पूर्ण भरल्यावर, शल्यचिकित्सकांच्या संमतीने, आम्ही पोटरीस मृदू अभ्यंग व बृंहण आहार योजला. त्याने रुग्णास आराम वाटला; कंडरा आमच्या औषधाने जुळली, असा आमचा दावा नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असता गुग्गुळकल्प देण्यापूर्वी संबंधित चिकित्सकांशी बोलावे, हेही येथे नमूद करतो.

वर्षाअखेरीस रुग्ण जिना विनासायास चढू लागला. एका पायावर टाच उचलता येते, पण निरोगी बाजूइतकी नाही. कबड्डी त्याने सोडली आहे.

टाचेमागे दुखते म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णास आता आम्ही प्रथम पालथे निजवून पोटरी दाबून पाहतो. यास अर्धे मिनिट लागते, उपकरण एकही लागत नाही. पहिल्याच दिवशी एवढे केले असते, तर त्या रुग्णाचे सात आठवडे वाया गेले नसते.