चहा : पारख आणि जपणूक

रायपूर आणि दुर्ग यांच्या दरम्यान, मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेल्या कुम्हारीपासून चहाचे मळे फार दूर. म्हणूनच येथील ग्राहकाने चहा पारखून घेणे अगत्याचे. दूध-साखर घालून उकळण्यास आसामचा दाणेदार ‘सीटीसी’ चहा उत्तम. २००४ साली भौगोलिक मानांकन लाभलेला दार्जिलिंगचा पानांचा चहा मात्र उकळू नये; उकळलेल्या पाण्यात तीन-चार मिनिटे झाकून ठेवावा. सुटा चहा गाळणकागदावर पसरून पाणी शिंपडावे. तत्काळ रंगीत डाग उमटल्यास कृत्रिम रंगाची भेसळ समजावी. मोठा पुडा स्वस्त पडतो खरा. परंतु चहा ओलावा व वास लवकर शोषतो. पावसाळ्यात तो महिन्यापुरताच घ्यावा आणि हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावा. वाया गेलेल्या चहात बचत ती कसली?